पाट्या टाकणारी माणसं आणि भरलेल्या पाण्याच्या बाटल्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नवी मुंबईत महापेला १८० माणसांची कंपनी. निम्मी माणसं असेम्ब्ली आणि पॅकिंगला, दोन शिफ्टमध्ये. बाकीची ऑफिसात आणि कस्टमर सपोर्टला. वर्षभर तुम्ही दर शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला योगासत्र ठेवलंत, आरोग्य तपासणी शिबिर भरवलंत, वाढदिवस साजरे केलेत. तरीही वर्षअखेरच्या सर्वेक्षणात एंगेजमेंटचा, म्हणजे माणसं किती मन लावून काम करतात त्याचा, आकडा आधीपेक्षा खाली आला. आता मालक विचारतायत की वेलनेसवरचा पैसा वाया गेला का, आणि मुळात माणसाच्या बरं असण्याचा आणि मन लावून काम करण्याचा काही संबंध आहे का.

संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे. पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते आधी सोडवू. माणूस तब्येतीने आणि मनाने ठीक असला तर काम जास्त मन लावून करतो का, हा एक. आपण वर्षभर जे केलं त्याने माणसं ठीक झाली का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं, तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून, बहुधा नाही. मालकांना शंका पहिल्याची आलीये, घोळ मात्र दुसऱ्यात आहे.

मी कुठून बोलतेय तेही सांगते, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. २००१ मध्ये रबाळ्याच्या एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी म्हणून लागले. पुढे ऐरोलीच्या आयटी ऑफिसांत नऊ वर्षं एचआर केलं. आता ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आणि वागळे इस्टेटमधल्या लहान-मध्यम कंपन्यांना सल्ला देते. घरून काम करणाऱ्या टीमबद्दल किंवा हजारो माणसांच्या बँकेबद्दल मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही. तुमच्यासारख्या कंपन्या मात्र खूप जवळून पाहिल्यात.

एंगेजमेंट म्हटलं की फ्लोअरवरची माणसं गप्प होतात, पण त्याच्या उलट स्थितीला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: पाट्या टाकणं. हजेरी लागते, हात चालतात, टार्गेटही कसंबसं पूर्ण होतं, पण माणूस तिथे नसतो. विल्यम काह्न या संशोधकाने १९९० मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला होता. एका उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि एका वास्तुविशारद कंपनीतली माणसं त्याने जवळून पाहिली. माणूस कामात स्वतःला कधी ओततो आणि कधी मागे घेतो, हे त्याला शोधायचं होतं. त्याला तीन गोष्टी सापडल्या. या कामाला काही अर्थ आहे असं वाटणं. आपण बोललो, चुकलो, तर अंगाशी येणार नाही असा विश्वास. आणि तिसरी, कामाला द्यायला शरीरात आणि मनात काही शिल्लक असणं. पहिल्या दोन गोष्टींबद्दल सगळे बोलतात. आपल्या भागात माझ्या अनुभवाने तिसरी सगळ्यात आधी संपते.

तुमच्या पॅकिंगमधली बदलापूरहून येणारी एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. पाचला उठते. स्वतःचा, नवऱ्याचा, मुलांचा डबा करते. सातच्या आसपासची लोकल पकडते, ती बहुतेक वेळा उभ्यानेच. ठाण्याला उतरून पूल चढते, नऊ-दहा नंबरवर येऊन ट्रान्स-हार्बर गाठते, घणसोलीला उतरते, शेअर रिक्षाच्या रांगेत थांबते. पंच करते तेव्हा नऊला दहा कमी असतात. कंपनीच्या लेखी तिचा दिवस आता सुरू होतो, पण तिच्या उठण्याला चार तास होत आलेले असतात. त्या दिवशी गाडी उशिरा आली, नऊला सात मिनिटं होऊन गेली आणि मशीनने हाफ डे कापला, तर पुढचे आठ तास ती कुठल्या मनाने काम करेल? ठाणे स्टेशनची गर्दी तुमच्या हातात नाही. तो हाफ डे मात्र आहे.

आता एक प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण मी जे काही शिकले त्यातलं बरंचसं त्यात आहे.

रबाळ्याला असताना पॅकिंगच्या एका लाइनवर बावीस बायका होत्या. दुपारी तीननंतर रिजेक्शन, म्हणजे खराब म्हणून परत काढलेला माल, वाढायचं. प्रॉडक्शन मॅनेजरांनी मला बोलावून सांगितलं, तीननंतर बायकांचं लक्ष नसतं, जरा समजवा. मी समजवायला गेले नाही. दोन दिवस त्या लाइनजवळ नुसती उभी राहिले. एप्रिल महिना, वर पत्रा. कंपनीने प्रत्येकीला एक लिटरची पाण्याची बाटली दिलेली होती, सकाळी हेल्पर भरून ठेवायचा. दुपारी चार वाजता मी टेबलांवर नजर टाकली तर जवळजवळ सगळ्या बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या. सकाळी भरल्या तशाच.

त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या मावशींना मी चेंजिंग रूममध्ये विचारलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं म्हणजे विचारावं लागतं."

टॉयलेट दुसऱ्या इमारतीत होतं. जायचं तर सुपरवायझरकडून टोकन घ्यायचं, आणि बावीस जणींत टोकन एक. लाइन थांबत नाही, त्यामुळे एक उठली की शेजारणीवर दोघींचं काम. उठणारीला अपराध्यासारखं वाटायचं, शेजारणीच्या कपाळावर आठी यायची. म्हणून सगळ्यांनी मिळून, न बोलता, पाणी पिणंच सोडून दिलं होतं. डोकेदुखी, चक्कर, लघवीची जळजळ हे सगळं चालू होतं आणि डिस्पेन्सरीच्या रजिस्टरमध्ये नोंदलेलंही होतं. त्या रजिस्टरवर महिन्याला माझीच सही होत होती. जळजळीच्या नोंदी आणि तीननंतरचं रिजेक्शन या एकाच गोष्टीच्या दोन टोकांवरच्या नोंदी आहेत हे मला तोवर सुचलं नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

मग टोकन बंद केलं. लाइनला एक रिलीव्हर दिली, जी उठणाऱ्या प्रत्येकीची जागा धरेल. लाइनजवळ मोडक्या पॅलेट ठेवायची एक खोली होती, तिथे सहा आठवड्यांत टॉयलेट बांधून घेतलं. रिजेक्शन उतरलं. किती उतरलं हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण त्याच महिन्यात टेपिंग मशीनही दुरुस्त झालं होतं आणि कशाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. पण दुसरी एक गोष्ट मी स्वतः पाहिली. साधारण दोन महिन्यांनी त्या बायकांनी आपणहून सुपरवायझरला सांगितलं की एका पुरवठादाराच्या कार्टनचा गम कच्चा आहे, तळ उघडतो. चौकशी केली तेव्हा कळलं की हे त्यांना खूप आधीपासून माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं, आणि ज्या जागी टॉयलेटला जायला टोकन लागतं तिथे कार्टनच्या गमाबद्दल बोलायची उमेद कुणात असणार?

तुम्ही सर्वेक्षणात जे मोजताय ते हेच. गमाबद्दल माहीत असूनही गप्प राहणं म्हणजे पाट्या टाकणं, आणि आपणहून येऊन सांगणं म्हणजे एंगेजमेंट. मधला फरक घडला तो पाणी, टॉयलेट आणि एक टोकन यांनी.

आता तुमच्या योगासत्रांकडे येते. योग वाईट नाही, मी स्वतः रोज करते. पण शुक्रवारी साडेपाचला सत्र म्हणजे फर्स्ट शिफ्टची माणसं घरी गेलेली, सेकंड शिफ्ट लाइनवर, आणि ऑफिसातल्या कल्याण-डोंबिवलीकडच्या माणसांना सहाऐवजी सातची गाडी. तिथे नक्की कोण येतं ते हजेरीपत्रकात बघा. ज्यांना वेळ आहे, ज्यांची तब्येत बरी आहे, जे जवळ राहतात, तेच बहुधा येत असतील. आणि अशा कार्यक्रमांनी एकूणही फारसं साधत नाही, हे मोठ्या प्रमाणावर केलेल्या अभ्यासातही दिसलंय. अमेरिकेत घाऊक दुकानांच्या एका मोठ्या साखळीत १६० ठिकाणच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर असा प्रयोग झाला. काही ठिकाणी चिठ्ठ्या टाकून वेलनेस कार्यक्रम दिला, बाकी ठिकाणी दिला नाही. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दीड वर्षाने, कार्यक्रम मिळालेली माणसं व्यायाम करतो असं जास्त सांगत होती. पण रक्तदाब, वजन यांसारखी मोजमापं, गैरहजेरी, औषधोपचाराचा खर्च आणि कामाची गुणवत्ता यांत लक्षणीय फरक नव्हता. मालकांना हे जरूर सांगा. तुमचं काही खास चुकलेलं नाही, या मार्गाने एवढंच मिळतं.

आरोग्य शिबिराचं मात्र मी समर्थन करेन. त्यात कुणाची साखर किंवा बीपी पहिल्यांदा लक्षात येतं, आणि तेवढ्यासाठीही ते करावं. फक्त त्याने एंगेजमेंट वाढेल ही अपेक्षा ठेवू नका. शिबिराच्या पुढचं पाऊल बऱ्याच कंपन्या उचलत नाहीत. ज्याची साखर वाढलेली निघाली त्याला फॉलोअपला जायला रजा मिळते का? ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, बसणाऱ्या कामगाराला आजारपणात, डॉक्टरच्या दाखल्यावर, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के लाभ मिळतो. त्यासाठी वर्गणीची अट पूर्ण झालेली हवी. मी फ्लोअरवर विचारते तेव्हा निम्म्यांना हे माहीत नसतं. मग तापातही माणूस येतो, कारण दांडी पडली की पगार कापला जाणार एवढंच त्याला ठाऊक असतं. तापातला माणूस लाइनवर उभा असला तर तुमच्या रजिस्टरला तो हजर असतो, एवढंच.

रोस्टर, म्हणजे कुणाची कुठली शिफ्ट याचं वेळापत्रक, हा पुढचा मुद्दा, आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही म्हणूनच मला शंका येते. दोन शिफ्ट असतील तर पुढच्या आठवड्याची शिफ्ट माणसाला कधी कळते? माझ्या पाहण्यातल्या एका कंपनीत रविवारी रात्री दहाला व्हॉट्सअॅपवर यायची. सोमवारी मुलाला शाळेत कोण सोडणार, सासूबाईंना दवाखान्यात कधी न्यायचं, हे सगळं त्या एका मेसेजवर अडलेलं. तिथे आम्ही रोस्टर चौदा दिवस आधी लावायचा नियम केला आणि अदलाबदल दोघांनी आपसात ठरवून सुपरवायझरला नुसतं कळवायची मुभा दिली. खर्च शून्य. सुपरवायझरांना पहिले दोन महिने जड गेलं, कारण त्यांना आधी विचार करावा लागला. अमेरिकेत कपड्यांच्या दुकानांच्या एका साखळीतही असा प्रयोग झाला आहे. २८ दुकानांपैकी काहींत कामाच्या वेळा स्थिर केल्या आणि आधी कळवल्या, तर त्या दुकानांची विक्री सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. दुकान आणि कारखाना सारखे नाहीत हे मान्य, पण माणसाच्या घरची घडी दोन्हीकडे सारखीच विस्कटते.

याच्या मागे जुनं तत्त्व आहे. रॉबर्ट कारासेक या संशोधकाने १९७९ मध्ये मांडलं की नुसतं काम जास्त असल्याने माणूस तेवढा खचत नाही. काम जास्त आणि ते कसं, कधी करायचं यावर ताबा काहीच नाही, तेव्हा तो खचतो. कस्टमर सपोर्टची मुलं घ्या. कॉलची संख्या तुम्ही कमी करू शकत नसाल, पण चिडलेल्या ग्राहकाचा फोन संपल्यावर पाच मिनिटं हेडफोन काढून बसायचा अधिकार, टीम लीडरला न विचारता, देऊ शकता. किती रुपयांपर्यंतचा परतावा ते स्वतः मंजूर करू शकतात, हेही ठरवून देऊ शकता. दिवसभर "मी वरिष्ठांना विचारून सांगतो" म्हणणाऱ्या मुलाचं त्या कामात मन कसं लागेल?

आणि सुपरवायझर. त्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते सगळ्यांना माहीतच आहे. फक्त एक सांगते: सुपरवायझरला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवण्याआधी त्याच्या खाली माणसं किती आहेत ते मोजा. चाळीस माणसं आणि वर डिस्पॅचची बोंब, अशा जागी चांगला माणूसही खेकसायला लागतो.

आता उलट बाजू, जी सर्वेक्षणात कधीच दिसत नाही. ऐरोलीच्या एका ऑफिसात आमचा एक टीम लीडर होता. प्रत्येक सर्वेक्षणात त्याचे गुण सगळ्यात वर. रात्री बाराला मेलला उत्तर, सुट्टीतही फोन चालू. आम्ही त्याचं उदाहरण सगळ्यांना द्यायचो. एक दिवस तो माझ्या केबिनमध्ये येऊन बसला आणि म्हणाला, आठ दिवस झाले, कुठलीही मेल पहिल्या ओळीच्या पुढे वाचता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या स्वीकारली तिच्यात तीन खुणा आहेत: पार गळून जाणं, कामाबद्दल मन तुटणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. त्याच्यात तिन्ही होत्या, आणि शेवटच्या सर्वेक्षणातही तो आमच्या यादीत पहिला होता. म्हणून, आकडा वर गेला की सगळं आलबेल, असंही समजू नका. मन लावून काम करणाऱ्यांच्याच अंगावर आपण जास्त काम टाकतो आणि तेच आधी मोडतात. त्याला डॉक्टरांकडे पाठवलं, सहा आठवडे रजा दिली, काम दोघांत वाटलं. हे दोन वर्षं आधी करायला हवं होतं.

अशा वेळी एचआरने किंवा सुपरवायझरने समुपदेशक व्हायला जाऊ नये. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालते, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. नंबर टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. नोटीस बोर्डासमोर उभं राहून तो कुणी लिहून घेत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या इथे बसून मला कळणार नाहीत. पगार बाजारापेक्षा कमी असेल, ओटीचे (जादा तासांच्या कामाचे) पैसे वेळेवर आणि दुप्पट दराने मिळत नसतील, तर वर लिहिलेलं सगळं त्याच्यानंतर येतं. पॅकिंगची माणसं ठेकेदाराची असतील तर सर्वेक्षण त्यांच्यापर्यंत पोचलं का? की कँटीनचं वेगळं टेबल, वेगळा ग्लास आणि सर्वेक्षणातही नाव नाही? सर्वेक्षण कधी घेतलं हेही बघा. अप्रायझलची पत्रं वाटल्यावर पंधरा दिवसांत घेतलं असेल तर माणसांनी पगारवाढीबद्दलच मत दिलंय. आणि अर्जात विभाग, वय, स्त्री की पुरुष हे तिन्ही विचारलं असेल, तर सहा जणांच्या विभागात कोण काय बोललं ते लगेच ओळखता येतं. हे माणसांना कळतं. आधीच्या वर्षी घाबरून चांगले गुण दिले आणि यंदा जरा खरं लिहिलं, असं झालं असेल तर तुमचा घसरलेला आकडा ही चांगली बातमीसुद्धा असू शकते.

पाळणाघराबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, ती इतरांबरोबर सामायिक असली तरी चालते. म्हणजे शेजारच्या दोन-तीन युनिटांनी मिळून एक गाळा घेतला तरी भागतं. अशा जागी मूल दीड-दोन वर्षांचं झाल्यावर कामावर परतलेल्या बायका मी पाहिल्यात. अनुभवी हात परत मिळतात, मालकांना हे लगेच पटतं.

मालकांना पटवायचं कसं, हे तुम्ही शेवटी विचारलंय. बाहेरच्या कुठल्याही टक्केवारीवर त्यांचा विश्वास बसणार नाही, बसूही नये. त्यांच्याच रजिस्टरमधून काढा. गेल्या वर्षी किती जण पहिल्या वर्षातच सोडून गेले. प्रत्येकाच्या जागी नवीन माणूस आणायला किती दिवस लागले, त्या काळात ओटी किती गेली, नव्याचा हात बसेपर्यंत रिजेक्शन किती झालं. याची बेरीज करून योगाच्या बिलाशेजारी ठेवा. मग त्यातल्या एकाच गोष्टीसाठी परवानगी मागा, दहा नको. माझी निवड रोस्टरची असेल, कारण त्याला पैसे लागत नाहीत आणि तीन महिन्यांत दांड्यांच्या नोंदीत फरक पडतो की नाही ते दिसतं. हाफ डेचा नियम त्याच वेळी शिथिल करून घेता आला तर फारच उत्तम. योगासत्र बंद करू नका, नाहीतर जे येतात त्यांना शिक्षा झाल्यासारखं वाटेल. फक्त ते शिफ्टच्या वेळेत, वीस मिनिटांचं करा.

त्याआधी एक काम मात्र तुम्ही स्वतः करा. सेकंड शिफ्टला दोन दिवस जाऊन उभ्या राहा. वही नको, प्रश्न नकोत. जेवण किती वाजता येतं, भात गरम असतो का, कोण एकटं जेवतं, सुटल्यावर स्टेशनपर्यंत बायका कशा जातात, आणि बाटल्यांत पाणी किती उरतं, ते बघा. टॉयलेट लाइनपासून किती पावलांवर आहे तेही चालून मोजा. मग इथे परत लिहा, पुढचं त्यावरून ठरवू.